[मंडळ-यादी] जुलैत क्रूगर: आपली गाडी की दिवसभराची गाईडेड सफारी?

प्रेषक: नेहा (फोरवेज)

नमस्कार मंडळी,

जुलैच्या सुट्टीत माझे सासू-सासरे सांगलीहून इथे दक्षिण आफ्रिकेत येताहेत. तिकीट काढल्यापासून बाबांचं एकच चाललंय, "सिंह कधी दाखवताय?" म्हणून क्रूगर नॅशनल पार्कात न्यायचं ठरवलंय. हेझीव्ह्यूला घर घेतलंय, पार्काचं फाबेनी गेट तिथून जवळ पडतं. आता घरात वाद असा की पार्कात आपल्याच गाडीने फिरायचं की दिवसभराची गाईडेड सफारी घ्यायची. म्हणजे ती उघडी, चढत्या बाकांची गाडी. गेट उघडताना आत आणि दुपार कलल्यावर बाहेर.

आईंचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेह आहे, आमचा अर्णव पाच वर्षांचा. एवढा वेळ उघड्या गाडीत झेपेल का? पैसे वसूल होतात का? त्या आठवड्यात आणखी कुणी येणार असेल तर मिळून अख्खी गाडी घेता येईल. नऊ-दहा जण बसतात म्हणे.

नेहा

प्रेषक: आनंद (प्रिटोरिया)

नेहा,

उगाच पैसे घालवू नकोस. क्रूगर म्हणजे ताडोबा नव्हे. तिथे गाईड सक्तीचा, वेळेचे स्लॉट ठरलेले. इथे गेटवर नाव लिहा, फी भरा, आपली गाडी आत घाला. मुख्य रस्ते डांबरी आहेत. डांबरीवर ताशी ५०, कच्च्यावर ४०, एवढं पाळलं की कुणी विचारत नाही. काच वर, हीटर चालू, आईंना पुढच्या सीटवर ऐसपैस बसव. कंटाळा आला की कॅम्पात जाऊन चहा प्या आणि परत फिरा.

गाईड असला की जनावरं जास्त दिसतात हाही एक समजच. पुढे पंधरा गाड्या थांबलेल्या दिसल्या की तिथे सिंह आहे, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आनंद

प्रेषक: मंदार (मिडरँड)

> पुढे पंधरा गाड्या थांबलेल्या दिसल्या की तिथे सिंह आहे

काका, गोम इथेच आहे. त्या पंधरा गाड्यांच्या मागे सोळावी आपली. दोन फॉर्च्युनरच्या फटीतून सिंहाचा कान दिसतो आणि मागचा माणूस हॉर्न देतो. सिंह दिवसाचे वीस-वीस तास झोपून काढतो, तेव्हा उठून तोंड दाखवील ही आशाही सोडा.

नेहा, मी दोन्ही प्रकारे फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाईडचा उपयोग प्राणी शोधण्यापेक्षा, जिथे काहीच दिसत नाही तिथे थांबण्यासाठी जास्त. स्कुकुझा कॅम्पाहून लोअर साबी कॅम्पाला साबी नदीच्या कडेने जो रस्ता जातो, एच४-१, साधारण ४५ किलोमीटरचा, तो अख्ख्या पार्कातला सगळ्यात गजबजलेला. तिथे आमच्या गाईडने एकदम इंजिन बंद केलं. हेझीव्ह्यूकडच्याच खेड्यातला, शांगान बोलणारा पोरगा. समोर काही नाही. नदीकाठच्या मोठ्या झाडावर व्हर्व्हेट माकडं खकाखका ओरडत होती. आपण ताडोब्यात 'कॉल आला' म्हणतो ना, तेच. फक्त इथे वानर-सांबराऐवजी व्हर्व्हेट, बबून आणि इंपालाचं (इथलं हरणासारखं जनावर) नाकातून फुरफुरणं. तो म्हणाला, आवाज ऐका आणि माकडं कुठे जाताहेत तेही बघा. वर गरुड असता तर ती झाडातून खाली झुडपात घुसली असती; ही तर शेंड्याच्या बारीक फांद्यांवर चढताहेत आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला आहेत. म्हणजे खाली बिबट्या. (हे त्याच्या मनचं नाही. केनियाच्या अंबोसेलीत १९८०च्या सुमारास यावर अभ्यास झालाय: बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी व्हर्व्हेटचे इशारे वेगवेगळे असतात.) आम्ही थांबलो होतो तेवढ्यात बाजूने गाड्या सटासट निघून गेल्या. आम्हाला दिसली ती लव्हाळ्यात शिरणारी शेपटी, टोकाला पांढरी. फोटो एकाचाही नीट आला नाही, पण गाडीतलं कुणी त्याबद्दल कुरकुरलं नाही.

दुसरी गोष्ट हत्तीची, आणि ही खास आनंदकाकांसाठी. रस्त्याच्या मधोमध एकटा नर आपल्याकडे चालत येत होता. माझ्या डोळ्यांना तो नुसता हत्ती. गाईडने मात्र लांबूनच गाडी रिव्हर्सला टाकली आणि हळूहळू मागे घेत राहिला. मग दाखवलं: डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून गालावर ओघळ आलेला, मागचे पाय आतून ओले, लघवी थेंबथेंब गळतेय. म्हणजे मस्तावलेला. असा नर रस्ता सोडत नाही, आपण सोडायचा. गालावरचा ओघळ एकटा दिसला तर घाबरू नका, आफ्रिकन हत्तिणींनाही तो येतो. दोन्ही मिळून दिसलं की समजायचं. आमच्या पुढे भाड्याच्या छोट्या गाडीत एक कुटुंब मोबाइल बाहेर काढून शूट करत होतं. गाईडने हात करकरून त्यांनाही मागे घ्यायला लावलं.

आता उलट बाजू. सगळेच गाईड असे नसतात. एकदा जी कंपनी मिळाली तिचा माणूस दिवसभर फोनवर. कुठे सिंह दिसल्याचा मेसेज आला की गाडी तिकडे, मग बिबट्याचा आला की उलटी. बिग फाइव्हच्या (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस) यादीवर टिकमार्क करत फिरवलं आणि तीनलाच गेटबाहेर सोडलं. म्हणून बुकिंगआधी सरळ विचारा: गाईड एफजीएएसएचा आहे का (दक्षिण आफ्रिकेतल्या फील्ड गाईडांची संघटना, त्यांच्या परीक्षा असतात), टुरिस्ट गाईड म्हणून सरकारी नोंदणीचं कार्ड आहे का, गाडी आपल्यालाच मिळणार की अनोळखी लोकही असतील, आणि पार्काची फी त्यांच्या दरात धरलीय का. शेवटचा प्रश्न विसरलात तर गेटवर तोंड पाहण्यासारखं होतं.

आणखी एक. साबी सँडमधले फोटो बघून जाऊ नका. ते खाजगी रान क्रूगरला लागूनच आहे, मधलं कुंपण १९९३मध्ये काढलं, त्यामुळे जनावरं तीच. पण तिथे गाडी रस्ता सोडून झुडपात घालता येते, क्रूगरच्या सार्वजनिक भागात नाही. बिबट्या पन्नास मीटरवर असेल तर तो तिथूनच बघायचा. कितीही टीप दिलीत तरी.

गेंडा दिसला तर फोटोबरोबर जागा टाकू नका. २०१०च्या सुमारास क्रूगरमध्ये दहा हजारांवर गेंडे होते, २०२०पर्यंत तीन हजारांच्या आत आले. मुख्य कारण शिंगासाठीची चोरटी शिकार. आता बऱ्याच गेंड्यांची शिंगं पार्कवालेच कापून ठेवतात, तेव्हा बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर म्हणतील हा कसला गेंडा.

मंदार

प्रेषक: डॉ. वैशाली (सँडटन)

नेहा, मलेरियाचं बघ. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. जास्त जोखीम साधारण सप्टेंबर ते मे; जुलैत कमी असते, पण शून्य नाही. गोळ्या घ्यायच्या की नाही हे प्रत्येकाचं वय आणि चालू औषधं पाहून ठरतं, त्यामुळे बाबांच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो पाठव. त्यातली डॉक्सिसायक्लिन अर्णवला चालत नाही, आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या आणि मच्छर पळवणारं मलम सगळ्यांनीच.

महत्त्वाचं हे की आई-बाबा सांगलीला परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, "आफ्रिकेत जाऊन आलोय." नाहीतर ते व्हायरल समजतील. इथला मलेरिया बहुतांश फाल्सिपेरम म्हणजे सगळ्यात घातक प्रकारचा असतो, त्यात वेळ दवडून चालत नाही.

वै.

प्रेषक: सुजाता (सेंच्युरियन)

नेहा, गाईड वगैरे पुरुषमंडळींनी सांगून झालं, मी कामाचं सांगते.

त्या गाडीच्या बाजूला दोन-तीन लोखंडी पायऱ्या असतात आणि दर रांगेला बाक उंच होत जातो. आईंना ड्रायव्हरच्या लगेच मागची रांग मागून घे. सगळ्यात मागे दृश्य छान, पण वारा आणि हादरे दोन्ही तिथेच. जुलैत पहाटे पाच-सहा अंश असतं आणि गाडी उघडी. गाईड ब्लँकेट देतात, पण कानटोपी, हातमोजे, मफलर आपले हवेत. महाबळेश्वरची थंडी बघितलीय म्हणून सासरे ऐकत नाहीत, त्यांच्या बॅगेत तूच टाक. अकरापर्यंत सगळे कपडे उतरवून मांडीवर येतात, म्हणून एक रिकामी पिशवी असू दे.

बाथरूमची काळजी आईंना असणारच. वाटेत कुठेही उतरता येत नाही, फक्त कॅम्प आणि पिकनिक स्पॉटवर. पण सफारीवाले दर दोन-अडीच तासांनी कुठेतरी थांबतात आणि तिथली स्वच्छतागृहं आपल्या हायवेपेक्षा बरी. लाज न बाळगता गाईडला सकाळीच सांगायचं.

जुलैत गेट सहाला उघडतं, म्हणजे घरातून पाचच्या सुमारास निघायचं. नाश्त्याचा थांबा नऊच्या आगेमागे. बाबांनी तोपर्यंत उपाशी राहू नये, गाडीत बसतानाच काहीतरी पोटात जाऊ दे. मी दशम्या आणि लसणाची चटणी नेते. सांगलीचं भडंग आणणारच असतील, पण न्कुहलूच्या पिकनिक स्पॉटवर ते उघड्यावर काढू नकोस. नदीकाठी छान सावली आहे आणि त्या सावलीत माकडं वाट बघत बसलेली असतात. आमच्या टेबलावर एक जण आला, डब्याचं झाकण दोन्ही हातांनी काढलं, आतली पोळी हुंगली, ठेवली, आणि शेजारच्यांचं केळं घेऊन गेला. आमच्या पोळ्यांचा अपमान तो वेगळाच.

अर्णवचं: सानपार्क्स (पार्क चालवणारी सरकारी संस्था) स्वतः ज्या सफारी काढतं, पहाटेच्या, संध्याकाळच्या, त्यांत सहा वर्षांखालची मुलं घेत नाहीत. खाजगी कंपन्यांचे नियम वेगवेगळे. अख्खी गाडी आपली असेल तर बहुतेक घेतात. त्याला दुर्बीण दे आणि मोजायला इंपाला दे. दुपारी तो झोपेलच, तेव्हा हत्ती आला तरी उठवू नकोस.

सुजाताकाकू

प्रेषक: आनंद (प्रिटोरिया)

मंदार, हत्तीचं मान्य. तेवढ्यासाठी दिवसभराचे पैसे द्यायचे का, हा प्रश्न माझ्या लेखी शिल्लक आहे. पण म्हातारी माणसं पहिल्यांदा येताहेत आणि नेहाच्या नवऱ्याचं लक्ष रस्त्यापेक्षा पक्ष्यांकडे जास्त असतं हे मी पाहिलंय, तेव्हा पहिला दिवस गाईडबरोबर जा, दुसऱ्या दिवशी आपल्या गाडीने. उलट क्रम नको, कारण पहिल्या दिवशी शिकलेलं दुसऱ्या दिवशी उपयोगी पडतं.

आणि गाईडला फक्त प्राण्यांबद्दल विचारू नका. साबी गेम रिझर्व्ह १८९८चं, नॅशनल पार्क १९२६चं, हे पाटीवर वाचायला मिळतं. त्या जमिनीवर आधी कोण राहत होतं ते पाटीवर क्वचितच असतं. उत्तरेला पाफुरीकडे माकुलेके लोकांना १९६९मध्ये उठवलं. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८मध्ये जमीन परत मिळवली. तिथे पुन्हा वस्ती न करता ती पार्कातच ठेवून ते पर्यटनाचं उत्पन्न घेतात. ताडोब्यातल्या नवेगावच्या पुनर्वसनाबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. स्थानिक गाईड यावर मोकळेपणाने बोलतात, चहाच्या थांब्यावर. गाडीत सगळ्यांसमोर नाही.

मी माझ्या गाडीनेच येणार. दुपारी स्कुकुझाला भेटू.

आनंद

प्रेषक: मंडळ सचिव

मंडळी,

नेहाच्या मेलवरून आतापर्यंत तीन कुटुंबं तयार आहेत. एक अख्खी गाडी भरते, दुसरी अर्धी. मार्ग असा मागितलाय: फाबेनी गेटने आत, एस१ रस्त्याने स्कुकुझा, तिथून नदीकाठाने न्कुहलू, लोअर साबी आणि त्याच्या शेजारचं सनसेट डॅम. तिथे पाणी रस्त्याला लागून आहे. पाणघोडे आणि मगरी गाडीतूनच दिसतात, म्हणजे ज्येष्ठांना चढ-उतार नाही. परतीचा रस्ता गाईड ठरवेल. जुलैत गेट साडेपाचला बंद होतं, आपण चारच्या आसपास बाहेर पडू. सटाराच्या बाजूला सिंह जास्त म्हणून काही जणांचा आग्रह होता, पण फाबेनीहून एका दिवसात तिकडे जाऊन येणं म्हणजे दिवसभर नुसतं गाडी हाकणं.

फीबद्दल: इथल्या रहिवाशांनी आयडी दाखवला तर स्थानिक दर लागतो, भारतातून आलेल्या पाहुण्यांना आंतरराष्ट्रीय, जवळपास चौपट. दर माणशी, दर दिवशी. नवे दर १ नोव्हेंबरला लागू होतात, तेव्हा जुन्या ब्लॉगवरचे आकडे धरू नका. पाहुण्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा. सुट्टीत दिवसाच्या पाहुण्यांचा कोटा भरतो, आनंदकाका, तुमच्या गाडीचंही आधी बुकिंग करा. दिवसाच्या पाहुण्यांना दारू आत नेता येत नाही, गेटवर डिकी उघडायला लावतात. हे कुणासाठी लिहिलंय ते त्यांना कळेल.

दुसऱ्या गाडीत पाच जागा आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं, वयं आणि खालची रांग कुणाला हवी ते मला वैयक्तिक मेलवर कळवा, यादीवर नको. ॲडव्हान्स परत मिळत नाही.

सचिव