रोजच्या वापरासाठी फुल फ्रेम मिररलेस: कुठला घ्यावा, दुकानात काय तपासावं?

रानवाट

नमस्कार मंडळी. सध्या निकॉन डी७१०० आहे, सोबत ३५ मिमी एफ/१.८ जी (डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठीची) आणि ५० मिमी एफ/१.८ डी. आता फुल फ्रेम मिररलेस (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, आत आरसा नाही) घ्यायचा आहे. कॅमेरा रोज ऑफिसच्या बॅगेत डब्याशेजारी राहणार. पहाटे दादरचा फुलबाजार, संध्याकाळच्या गल्ल्या, घरात ट्यूबलाइटखाली मुलं आणि महिन्याकाठी एखादा गड, एवढा वापर. व्हिडिओ जवळपास नाहीच. लेन्स धरून बजेट दोन लाख, थोडं मागेपुढे चालेल. चष्मा लागतो. डोळ्यांसमोर निकॉन झेड५ टू, कॅनॉन आर८ आणि सोनी ए७सी टू आहेत. यातला कुठला घ्यावा? जुन्या लेन्स चालतील का? आणि दुकानात दहा मिनिटांत नेमकं काय बघायचं?

छायाप्रकाश

आधी लेन्स ठरवा, बॉडी मागाहून. फुल फ्रेमचा सेन्सर तुमच्या डी७१०० च्या सेन्सरच्या सव्वादोन पटींहून थोडा मोठा, म्हणजे कमी उजेडात साधारण सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). किट लेन्स (बॉडीसोबत मिळणारी झूम) हा फायदा तिथल्या तिथे खाऊन टाकते. निकॉनची आणि कॅनॉनची, दोघांचीही २४-५० झूम ५० मिमीला एफ/६.३ वर जाते (एफचा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी). त्यापेक्षा एपीएस-सी (डी७१०० सारख्या छोट्या सेन्सरच्या) बॉडीवर एफ/२.८ ची झूम लावलीत तर सेन्सरवर एकूण उजेड दुपटीच्या आसपास पडतो. फुल फ्रेमचे पैसे मोजून उजेड निम्मा, असा हा व्यवहार होतो.

घरातलंच गणित बघा. एका एलईडी ट्यूबखाली अभ्यासाला बसलेलं मूल, शटर स्पीड १/१२५. एफ/२ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) साधारण १६०० लागतो. तेच एफ/६.३ ला १६०००. सोळाशेला पापणीचे केस सुटे दिसतात. सोळा हजाराला गालाचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो आणि हनुवटीखालच्या सावलीत जांभळे-हिरवे ठिपके उठतात. मूल खेळत असेल तर १/२५० हवा, म्हणजे आयएसओ आणखी दुप्पट. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन इथे कामाला येत नाही. ते तुमच्या हाताचा कंप सांभाळतं, मुलाची धावपळ नाही.

म्हणून किट न घेता नुसती बॉडी आणि एक प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या. बॅटरी-कार्डासकट वजनं अशी पडतात:

झेड५ टू ७०० ग्रॅम + झेड ४० मिमी एफ/२ १७० ग्रॅम = ८७०
आर८ ४६१ ग्रॅम + आरएफ (कॅनॉनच्या मिररलेस लेन्सचा प्रकार) ५० मिमी एफ/१.८ १६० ग्रॅम = ६२१
ए७सी टू ५१४ ग्रॅम + ४० मिमी एफ/२.५ जी १७३ ग्रॅम = ६८७

तुमचा डी७१०० ३५ मिमीसकट ९६५ ग्रॅम भरतो. म्हणजे निकॉन घेतलात तर खांद्यावरचं ओझं शंभरएक ग्रॅमनेच उतरेल, हे मनाशी धरून चला. सोनी उत्तम आहे, पण लेन्स जोडली की बजेट ओलांडतो.

माझं मत झेड५ टू. बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, कार्डाचे दोन स्लॉट आहेत, १/८००० पर्यंत पूर्ण मेकॅनिकल शटर आहे आणि व्ह्यूफाइंडर मोठा आहे (०.८ पट, आर८ आणि ए७सी टूचा ०.७). चष्मेवाल्यांनी मात्र नुसत्या आकड्यावर जाऊ नये. चष्मा न काढता चारही कोपरे आणि खालची माहितीची पट्टी एकदम दिसते का, ते स्वतः डोळा लावून बघावं.

एफ/२ घेतली म्हणून सतत एफ/२ वर ठेवू नका. ४० मिमीला दीड मीटरवरून फोकसची खोली जेमतेम सतरा सेंटिमीटर असते. आजीच्या मांडीवर नातू बसला असेल तर दोघांपैकी एकच स्पष्ट येईल. तिथे एफ/४ करा आणि आयएसओ चढू द्या.

सोनकी

लेन्स आधी, हे शंभर टक्के पटलं. निवड मात्र माझी वेगळी. रोज बॅगेत राहणार असेल तर ८७० आणि ६२१ हा फरक पावशेराचा आहे, आणि महिन्याभरात तो कॅमेरा घरी ठेवायला लावतो. आर८ मध्ये त्याच्याहून बऱ्याच महाग आर६ मार्क टूचाच सेन्सर आहे आणि ऑटोफोकसही त्याच घराण्यातला.

उणिवा सांगते, म्हणजे फसायला होणार नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि आरएफ ५० एफ/१.८ मध्येही नाही. स्थिर वस्तूलासुद्धा १/८० च्या खाली जाऊ नका. ते हवंच असेल तर आरएफ ३५ मिमी एफ/१.८ मॅक्रो आयएस घ्या, ती ३०५ ग्रॅमची आहे. कार्डाचा स्लॉट एकच. बॅटरी एलपी-ई१७, १०४० एमएएच. निकॉनची ईएन-ईएल१५सी २२८० ची आहे. गडावर जाताना दोन बॅटऱ्या लागतातच, त्या बजेटमध्ये आत्ताच धरा.

शटरची एक खोच सहसा कुणी सांगत नाही. आर८ मध्ये पूर्ण मेकॅनिकल शटर नाही, सुरुवातीचा पडदा इलेक्ट्रॉनिक आहे (ए७सी टूमध्येही तसंच). भर उन्हात एफ/१.८ आणि १/२००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवलं की मागच्या धूसर प्रकाशाचे गोळे एका बाजूने कापल्यासारखे येतात. लेन्स खराब आहे असं वाटतं, पण कारण हा पडदा. अशा वेळी पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर जा किंवा तीन स्टॉपचा एनडी (उजेड कमी करणारा) फिल्टर लावा. आरएफ ५० ला तो ४३ मिमीचा लागतो.

आणखी एक, सिग्मा-टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स २०२४ पासून आरएफमध्ये आल्या त्या एपीएस-सीसाठी. फुल फ्रेमला कॅनॉनच्याच लेन्सचा खर्च गृहीत धरा.

रानवाट

दोघांचेही मनापासून आभार. जुन्या लेन्सचं काय करू? आणि फुलबाजारात सगळे एलईडी असतात. सायलेंट (पूर्ण इलेक्ट्रॉनिक) शटर वापरला तर फोटोत पट्टे येतात असं वाचलंय.

दिवेलागण

लेन्सचं आधी. निकॉन घेतलात तर एफटीझेड टू अडॅप्टर लागेल, म्हणजे आणखी १२५ ग्रॅम. ५० मिमी डीमध्ये फोकसची मोटर नसते, डी७१०० तिला बॉडीतल्या स्क्रूने फिरवतो. अडॅप्टरमध्ये तो स्क्रू नाही, त्यामुळे ऑटोफोकस गेला, हाताने फोकस करावा लागेल. ३५ मिमी जी फोकस करेल, पण डीएक्स असल्याने कॅमेरा आपोआप क्रॉपवर जातो आणि २४ मेगापिक्सेलचे साडेदहाच्या आसपास उरतात. या दोन लेन्ससाठी अडॅप्टर घेऊ नका. डी७१०० सोबत विकून टाका, संच असला की गिऱ्हाईक पटकन मिळतं.

आता पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतो. काही ओळी दिवा प्रखर असताना वाचल्या जातात, काही मंद असताना, आणि फोटोत आडवे गडद पट्टे पडतात. झेड५ टूचा सेन्सर सावकाश वाचला जातो, तिथे पट्टे आणि चालत्या बसचे तिरके खांब दोन्ही ठळक येतात. आर८ बराच भराभर वाचतो, तरी पट्ट्यांतून सुटका नाही.

फुलबाजारात सायलेंट मोड बंद करा आणि शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. उजेडाचं एक आवर्तन पूर्ण पकडलं जातं आणि पट्टे जातात. हारवाल्याचे हात चालताना टिपायचे म्हणून १/२५० हवा असेल तर मेन्यूतलं फ्लिकर रिडक्शन चालू करा. कॅमेरा दिव्याच्या प्रखर क्षणाची वाट बघून शटर मारतो, बटण किंचित उशिरा लागल्यासारखं वाटतं. सजावटीच्या स्वस्त एलईडी माळांची लुकलुक मात्र बरीच वेगवान असते. तिथे शटर एकेक पायरी बदलत व्ह्यूफाइंडरमधले पट्टे विरतात का बघा.

छायाप्रकाश

दुकानातल्या तपासणीचं राहिलंच होतं.

स्वतःचं कार्ड न्या, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही चालू करा. दुकानाच्या आतल्या, कमी उजेडाच्या कोपऱ्यात उभे राहा. एएफ-सी, म्हणजे सतत फोकस (कॅनॉनमध्ये सर्वो), डोळ्यांचा शोध चालू, शटर १/२५०, लेन्स पूर्ण उघडी. तिथल्या मुलाला पाच मीटरवरून तुमच्याकडे चालत यायला सांगा आणि वीस फोटो घ्या. मग स्क्रीनवर शंभर टक्के मोठे करून बघा, फोकस बुबुळावर आहे की भुवईवर की कानावर. शेवटच्या दीड मीटरमधले फोटो सर्वांत महत्त्वाचे, ढिला ऑटोफोकस तिथेच उघडा पडतो.

मग लेन्स. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट धरून, कॅमेरा समांतर ठेवून लेन्स पूर्ण उघडी असताना एक फोटो. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर चालतं. डावा कोपरा वाचता येतो आणि उजवा फुटलाय असं दिसलं तर आधी कॅमेरा समांतर होता ना याची खात्री करून पुन्हा घ्या. तरीही तसंच आलं तर आतलं एखादं भिंग तिरकं बसलंय, दुसरी लेन्स मागा.

एफ/१६, आयएसओ १००, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा फोटो घेतला की सेन्सरवरची धूळ राखाडी ठिपक्यांसारखी दिसते. सीलबंद बॉडीत एखादा ठिपका ब्लोअरने जातो, दहा-बारा असले तर बॉडी हाताळलेली आहे.

बिल जीएसटीचं, आणि सिरियल नंबर बॉडीवर, खोक्यावर, बिलावर एकच. पाच-सात हजार वाचवायला ग्रे मार्केटचा (कंपनीच्या अधिकृत वितरकाबाहेरून आलेला) माल घेऊ नका, भारतातली वॉरंटी मिळत नाही.

सोनकी

पावसाळ्याचं मी सांगते. मुंबईच्या हवेत कॅमेरा मूळच्या कापडी किंवा चामडी केसमध्ये ठेवला की बुरशी ठरलेली. झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरेसा. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. डांबराच्या गोळ्या जवळपाससुद्धा नकोत. एसी लोकलमधून उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद असू द्या आणि वीस-पंचवीस मिनिटं उघडू नका. गार काचेवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी साचतं, पिशवी असली तर ते पिशवीवर साचतं.

रानवाट

खूप काही मिळालं. शनिवारी दोन्ही बॉड्या त्यांच्या त्यांच्या प्राइमसकट हातात घेतो, चष्म्यासकट. कार्डावरच्या रॉ फाइली घरच्या जुन्या लाइटरूममध्ये उघडतील का?

दिवेलागण

नाही उघडणार. जुनी आवृत्ती नव्या कॅमेऱ्याची रॉ ओळखत नाही. निकॉनसाठी एनएक्स स्टुडिओ, कॅनॉनसाठी डिजिटल फोटो प्रोफेशनल, दोन्ही फुकट आहेत. शुक्रवारी रात्रीच उतरवून ठेवा आणि फाइली घरी मोठ्या पडद्यावर बघितल्यावरच पैसे द्या.