नुसता मका नको

दुभत्या शेळीला नुसता मका भरडून चालेल का, असं एकाने विचारलंय. नको. मक्याने अंगात ताकद येते, पण दुधाला लागणारी प्रथिनं त्यात कमी. आमच्या संगमनेरी जातीच्या शेळ्यांसाठी १०० किलो खुराकाला मका ४०, गव्हाचा कोंडा २२, शेंगदाणा पेंड (तेल काढून उरलेला चोथा) २०, तूर चुणी (डाळ करताना निघणारा चुरा) १५, खनिज मिश्रण २, मीठ १ किलो. मका जाडसरच भरडा. पीठ झालं की पोटात आम्लता वाढते. पेंड घेताना ढेप फोडून बघाच! आत हिरवट बुरशी किंवा कुबट वास असेल तर फुकटही घेऊ नका, बुरशीचं विष दुधातही उतरतं. दुधाच्या लिटरमागे ३००-४०० ग्रॅम खुराक पुरे, तेही दोन वेळांत विभागून. आणि आधी वैरण, मग खुराक.