अनुभव धागा: माणूस बघून सांगायची रीत बदलता का?

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरात शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. एप्रिल ते जून आमचा सीझन. तेव्हा कोणत्या मशीनवर कोण, कोणता साइज आधी, काज-बटणाला माल कधी जाणार, सगळं सकाळीच बोर्डावर लिहितो. चर्चा नाही. जुलै सरला की तोच मी कटिंग मास्तरांच्या टेबलाशी चहा घेऊन बसतो आणि मार्कर (कापडावर तुकड्यांची मांडणी) कसा लावला तर कापड वाचेल ते त्यांनाच विचारतो. परवा ओव्हरलॉकवरच्या एक अक्का म्हणाल्या, "सीझनमधे तुम्ही वेगळेच असता की ओ!" तक्रार नव्हती, हसत म्हणाल्या. पण धागा काढावासा वाटला.

ट्रेनिंगमधे आम्हाला पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांची १९६९ सालची मांडणी शिकवली होती. समोरच्याला काम किती येतं आणि ते करायची त्याची तयारी किती, हे बघून ठरवायचं: नुसतं सांगायचं, पटवून द्यायचं, विचारून करायचं की सोपवून मोकळं व्हायचं. तक्ता छान आहे. पण तक्त्यातल्या माणसाला उचल नको असते, त्याच्या घरी लग्न नसतं. तुमच्याकडे प्रत्यक्षात काय चालतं ते लिहा. कंपनीचं नाव नको, किस्सा हवा.

मागवाला
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, आजोबांपासूनचा. आमचे जॉबर मास्तर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू. साध्या मागावर त्यांना काही सांगणं म्हणजे आगाऊपणा. खात्यात शिरताना नुसत्या आवाजावरून सांगतात, कुठल्या मागाचा पिकर (धोटा ढकलणारा भाग) गेलाय. मी फक्त क्वालिटी आणि गाडी कधी लागणार एवढंच बोलायचो.

मग रॅपियर आले, म्हणजे बिनधोट्याचे, पॅनलवर चालणारे नवे माग. तोच माणूस, पण पॅनलसमोर हात मागे बांधून उभा. आता इथं 'मास्तर, तुम्ही बघा' म्हणणं म्हणजे त्यांना तोंडघशी पाडणं. बटण-बटण सांगावं लागणार होतं, आणि तेही पोरांसमोर नाही. म्हणून पाळी बदलताना, खातं रिकामं असताना शिकवणी ठेवली. मशीन कंपनीचा इंजिनिअर त्यांच्या नातवाच्या वयाचा. त्याला आधीच बजावलं, मास्तरांना अगोदर माग ऐकू दे, मग पॅनल उघड. पोरगं हुशार निघालं. "अन्ना, तुम्हाला काय वाटतंय?" म्हणून सुरुवात केली त्यानं. बाना (आडवा धागा) कुठं तुटतोय ते मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं, सेटिंग पोरानं बदललं.

तेव्हा तक्ता भरायचाच तर माणसाच्या नावानं भरू नका, कामागणिक भरा. आजही मास्तर जुन्या मागांवर माझे गुरू आहेत आणि रॅपियरवर अजून विचारून करतात. सकाळी एका खात्यात मी ऐकतो, दुसऱ्यात सांगतो.

वॉर्ड इन्चार्ज
आमच्याकडे रीत मिनिटात बदलते. पेशंट कोसळला की मी नाव घेऊन हुकूम देते. 'कुणीतरी ट्रॉली आणा' म्हटलं की कुणीच आणत नाही. जिला सांगितलं तिनं मोठ्यानं परत म्हणायचं, "एक मिलिग्रॅम अॅड्रिनलिन भरलं." त्या वेळी प्लीज-बिज काही नसतं आणि कुणाला रागही येत नाही. राग येतो तो ड्यूटी लिस्टवरून! म्हणून लिस्ट मुलींनीच आपसांत लावायची. मी एवढंच बघते की प्रत्येक पाळीत एक तरी जुनी सिस्टर आहे. नवीन मुलगी असेल तर पहिले काही आठवडे मी शेजारी उभी राहते, सलाइन लावताना हात बघते, बोलत नाही.

यार्डातला
कांद्याची आडत. हमालांच्या टोळीला थेट काही सांगायचं नाही. मुकादमाला सांगायचं, संपलं. परस्पर एखाद्या पोराला हाक मारली की मुकादमाचा मान गेला आणि ट्रक तिथंच उभा. ही कुठली स्टाइल ते तक्तेवाल्यांना विचारा.

हाताखालचा
सगळे साहेबलोक लिहायलेत, खालून कसं दिसतं ते मी लिहितो. गारमेंटमधेच आहे, लाइनवर. साहेब एकाशी गोड आणि दुसऱ्याशी कडक बोलले की आम्ही 'काम बघून बोलले' असं म्हणत नाही. 'त्याचा माणूस आहे बे' असंच म्हणतो. बोलायची रीत बदला, पण उशिराची हजेरी, उचल आणि खराब पीसची कपात सगळ्यांना एकच पाहिजे. आमच्या आधीच्या ठिकाणी चांगल्या कारागिराला उचल तोंडी मिळायची आणि नवीन बायकांना अर्ज लिहावा लागायचा. निम्मी लाइन त्यावरूनच सोडून गेली.

जुळेसोलापूरकर
पुण्याच्या कंपनीची टीम घरून सांभाळतो. चेहरा दिसत नाही, म्हणून चुका सांगायच्या असतील तर फोन, कौतुक असेल तर ग्रुपवर. उलटं कधीच नाही. नवख्याला रोज सकाळी दहा मिनिटं, जुन्याला आठवड्यातून एकदा. जुन्याला रोज फोन केला तर तो दुसरीकडे नोकरी बघायला लागतो.

मागवाला
@हाताखालचा, उचलीचं शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे वही एकच आहे आणि ती टेबलावर उघडी असते.

धागाकर्ता
@हाताखालचा, तुमचा प्रतिसाद वाचून अक्कांना विचारलं, सीझनमधला हुकूम खुपतो का. म्हणाल्या, "हुकमाचं काय नाय ओ, दुपारी बोर्ड पुसून परत लिहिता त्याचा राग येतो." म्हणजे सकाळचा बोर्ड दुपारी बदलायचाच असेल तर लाइनला आधी कळवायला हवं. पुढच्या सीझनला ते करतोय.

आता गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्ट्यांचं बोलू. संक्रांत आली की निम्म्या कारखान्याला सिद्धेश्वराच्या यात्रेला जायचंय, नंदीध्वजाच्या मिरवणुकीत काहींच्या घरचा मान असतो, आणि डिस्पॅच त्याच आठवड्यात अडकतं. मी हे लाइनवर सोपवायचं म्हणतोय: कमीत कमी किती माणसं लागतील ते मी सांगणार, कोण ते त्यांनी ठरवायचं. कुणी केलंय का असं?

वॉर्ड इन्चार्ज
आम्ही करतो. फक्त यात्रेतल्या अक्षता सोहळ्याचा दिवस वेगळा काढा. त्या दिवसाची चिठ्ठी टाकावी लागते, नाहीतर नवीन मुलींच्याच गळ्यात ड्यूटी पडते.