मदत हवी आहे : एसीचा पंखा ‘ऑटो’वर ठेवावा की सतत चालू?

जळगावात आमचे घर वरच्या मजल्यावर असून स्लॅब दिवसभर तापत असल्याने, एसी २६ अंशांवर ठेवूनही रात्री पलंगाजवळ गारवा आणि दाराकडे उकाडा अशी स्थिती राहते. एसीचा पंखा एकाच गतीवर सतत चालवल्यास हवा खेळती राहते, हे पटते. मात्र कॉम्प्रेसर थांबल्यावर कॉइलवरचा (एसीतल्या थंड नळ्यांवरचा) ओलावा त्याच हवेबरोबर खोलीत परततो, म्हणून पंखा आपोआप मंदावणारे ‘ऑटो’ पावसाळ्यात बरे वाटते. वैशाखातल्या आपल्याकडच्या कोरड्या हवेत (कूलर खरा कामाला येतो तो याच दिवसांत) ही अडचण कितपत उरते? सोबत छताचा पंखा मंद गतीने लावून एसी २७ अंशांवर ठेवल्यास चालेल काय? जाणकारांनी वीजबिलातील फरकासह कृपया अनुभव कळवावा.