मदत हवी आहे: खलाशी रुग्णांचा पाठपुरावा तुटला असे कधी धरावे?

रत्नागिरी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी उच्च रक्तदाबावर प्रबंधासाठी अभ्यास करीत आहे. गावातील खलाशी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नियमित येतात. त्यानंतर मात्र गोळ्या घरची माणसे नेतात आणि कार्डावरील रक्तदाबाच्या मापाचे रकाने कोरे राहतात. जेटीवर मोजून पाहिले, परंतु लिलावाच्या गडबडीत कोणालाही पाच मिनिटे शांत बसवता आले नाही, म्हणून ती मापे वगळली. घरोघरी यंत्रे देण्याइतका निधी नाही. १४०/९० च्या खालचे, म्हणजे रक्तदाब आटोक्यात असल्याचे, जुने माप पुढे ग्राह्य धरणे मला पटत नाही. गोळ्या नेल्याची नोंद असलेला, पण तीन महिने न मोजलेला रुग्ण ‘पाठपुरावा तुटलेला’ धरावा, की ‘माप उपलब्ध नाही’ असा वेगळा गट करावा?