ऊन, उष्मा आणि त्वचा : आपापले अनुभव

उन्हात त्वचेची काळजी घ्यावी, असे सगळेच सांगतात. कोणती चूक अंगाशी आल्यावर ती काळजी कळली, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. तेच लिहावे, अशी सर्वांना विनंती आहे. सुरुवात माझ्यापासून करतो. कित्येक वर्षे मी उन्हाचा अंदाज अंगाला बसणाऱ्या चटक्यावरून बांधत असे. एकदा सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर दिवसभर पायी हिंडलो. पातळ ढग होते, गार वारा होता, त्यामुळे टोपी पिशवीतच राहिली. संध्याकाळी सदऱ्याची कॉलर मानेला टोचू लागली, रात्री उशीवर मान टेकवेना आणि चार दिवसांनी तिथल्या कातडीचे पापुद्रे सुटू लागले. त्वचा भाजते ती अतिनील किरणांमुळे, आणि ते किरण अंगाला जाणवत नाहीत. दर हजार मीटर उंचीला त्यांचे प्रमाण साधारण दहा टक्क्यांनी वाढते, शिवाय पातळ ढगांतून ते बरेचसे आरपार येतात. तेव्हापासून मी घराबाहेर पडताना तापमानाऐवजी अतिनील निर्देशांक (या किरणांची तीव्रता सांगणारा आकडा) पाहतो आणि तो ३ किंवा त्याहून जास्त असेल, तर हवा कितीही गार असली तरी टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालतो.

*

माझी तक्रार उलट होती. मी रोज न चुकता ५० एसपीएफचे (एसपीएफ म्हणजे उन्हाने भाजण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा आकडा) सनस्क्रीन लावत होते आणि तरीही गालांवरचे वांग गडद होत चालले होते. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मला एवढेच विचारले, ‘‘५० ग्रॅमची ट्यूब तुम्हाला किती दिवस पुरते?’’ मी काहीशा अभिमानाने आठ महिने असे सांगितले. त्यांनी समोरच्या कागदावर हिशेब मांडला. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत काढतात, तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावलेले असते. त्या मानाने चेहरा आणि मान यांना एका वेळी सव्वा ग्रॅम धरले, तर दिवसातून एकदाच लावूनही ती ट्यूब चाळीस दिवसांत संपायला हवी. मी लावत होते ते त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतके, आणि तेही सकाळी एकदाच. ३० एसपीएफ नीट लावले तर सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा मुख्यतः ज्यांनी भाजते ते अतिनील) किरण अडतात आणि ५० ने ९८ टक्के, म्हणजे मी ज्या आकड्याच्या मागे लागले होते त्याने फरक पडत होता एका टक्क्याचा, आणि खरी गळती हाताच्या कंजुषीत होती. आता मी तर्जनी आणि मधले बोट यांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढून तेवढे सगळे लावते आणि बाहेर असेन तर दर दोन तासांनी पुन्हा लावते. वांग दृश्य प्रकाशानेही वाढतात, म्हणून त्यांनी लोहाचे ऑक्साइड असलेले, किंचित रंगाचे सनस्क्रीन सुचवले. डाग पूर्ण गेले नाहीत, पण फिकट झाले आणि दोन उन्हाळे तसेच राहिले आहेत.

*

मी दिवसभर गाडी चालवतो. काचा बंद असल्या की ऊन लागत नाही, असे मी धरून चाललो होतो. परंतु खिडकीकडचा हात दुसऱ्या हातापेक्षा स्पष्टपणे काळवंडला. साधी काच यूव्हीबी बहुतेक अडवते, यूव्हीए (त्वचा काळवंडवणारे दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण) मात्र बऱ्याच अंशी आत सोडते. आता सुती बाह्या चढवतो.

*

बाळ चार महिन्यांचे असताना त्याच्या मानेच्या वळ्यांत आणि पाठीवर घामोळे उठले आणि मी, भल्या हेतूने, आधी दाट क्रीम चोपडले व त्यावर पावडर थापली. वळीत तिचा ओला लगदा झाला आणि पुरळ आणखी लाल झाले. घामाच्या नलिकांची तोंडे बंद झाल्याने घामोळे येते, हे कळल्यावर मी त्यांवर आणखी एक थर देत होते याची लाज वाटली. क्रीम बंद केले, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंग पुसून वळ्या टिपून कोरड्या केल्या, बहुतेक वेळ सैल झबल्यात आणि पंख्याखाली ठेवले; चार दिवसांत पाठ स्वच्छ झाली. सहा महिन्यांखालच्या मुलांना सनस्क्रीन लावण्यापेक्षा सावलीत ठेवावे, असेही तेव्हाच डॉक्टरांनी सांगितले.

*

हे लिहायला संकोच वाटतो, पण घामाच्या दिवसांत जांघेत खाज सुटणारे अनेकजण असतील, म्हणून लिहितो. औषधाच्या दुकानातून न विचारता एक मलम आणले. दोन दिवसांत खाज थांबली, आठवड्याने परत आली. असे तीन महिने चालले आणि तोवर चट्टा मांडीपर्यंत पसरला, त्याची कडाही पुसट झाली. ते गजकर्ण होते आणि मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, बुरशी मात्र आत वाढत राहते, आणि चट्ट्याचे रूप बदलल्याने डॉक्टरांनाही तो ओळखायला वेळ लागतो. मला सहा आठवडे बुरशीविरोधी गोळ्या घ्याव्या लागल्या. घामेजलेली आतली वस्त्रे लगेच बदलणे आणि अंघोळीनंतर जांघ पूर्ण कोरडी करणे, एवढे पथ्य आधी पाळले असते तर बहुधा इथवर आलेच नसते.

*

वरच्या अनुभवात औषधाचा विषय निघाला म्हणून एक भर घालते. मुरुमांसाठी मी डॉक्सिसायक्लिन घ्यायला लागले आणि त्याच आठवड्यात, एरवी काहीही होत नाही एवढ्याच उन्हात, हातांची पाठ आणि नाकाचा शेंडा भाजल्यासारखा झाला. या गोळ्यांनी काहींची त्वचा उन्हाला हळवी होते. ही सूचना पाकिटातल्या घडीच्या कागदावर होती. तो मी हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसले असताना पहिल्यांदा उलगडला.