अल्बम डिझायनिंगचं घरून फ्रीलान्स काम आहे, आता आर्णीत गाळा घेऊन दोन पोरी ठेवू का?

रात्रपाळी_डिझायनर

नमस्कार सगळ्यांना. मी यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, लग्न होऊन इथे आले तेव्हापासून म्हणजे पाच वर्षं झाली घरूनच लग्नाचे अल्बम डिझाइन करते. दिग्रस, दारव्हा, पुसद अन् आर्णी मिळून सहा फोटोग्राफर आहेत, ते काळीपिवळीवाल्याजवळ हार्ड डिस्क देऊन पाठवतात, मी फोटो निवडून १२ बाय ३६ च्या शीटवर लावते, प्रूफ म्हणजे छपाईआधीचा नमुना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते, ओके आलं की फायली नागपूरच्या लॅबला जातात. शीटमागे ७० रुपये घेते. सीझनमध्ये दिवसाला २० शीट आरामात होतात, म्हणजे लाइन असली तर, इकडे वारं सुटलं की लाइन गेलीच समजा, म्हणून जास्त काम रात्रीच करते.

आता काम इतकं येते की मागच्या उन्हाळ्यात दोन फोटोग्राफरला नाही म्हणावं लागलं. गावातल्या दोन पोरींना मी फोटोशॉप शिकवलं आहे, दोघींचं एमएस-सीआयटी झालेलं आहे, हात बरा आहे. आर्णीत बसस्टँडजवळ एक गाळा आहे, ३,५०० भाडं म्हणतो. विचार असा की गाळा घ्यायचा, बोर्ड लावायचा, पोरींना महिन्याला ८-८ हजार द्यायचे, अन् स्वतःचा स्टुडिओ म्हणून चालवायचं. मामंजी म्हणतात घरी बसून होते ना काम, मग गाळा कायले पाहिजे. ह्यांचं म्हणणं कापूस विकून झाल्यावर बघू.

भीती एकाच गोष्टीची वाटते. मागच्या वर्षी माझ्याच हातून एक चूक झाली, पानभर फोटो लावला अन् नवरीचा चेहरा नेमका शीटच्या मधोमध, अल्बम छापून आला तर घडी नवरीच्या नाकावरून गेलेली. नवरीची आई फोटोग्राफरच्या दुकानात येऊन रडली म्हणे. परत छपाईचे पैसे त्याने माझ्या बिलातून कापले. ते मी सहन केले कारण चूक माझी होती. उद्या हीच चूक पोरीच्या हातून झाली तर कोणाचे कापायचे? कोणी असं फ्रीलान्समधून धंद्यात गेलेलं असेल तर खरंखरं सांगा.

दर्यापूरचा_फ्लेक्सवाला

ताई, म्या २०१४ मध्ये हेच केलं अन् दोन वर्षात दुकानाचं शटर खाली ओढलं, म्हणून सांगून राह्यलो, राग मानू नका. घरी बसून लग्नपत्रिका अन् वाढदिवसाचे बॅनर करत होतो तवा खिशात पैसे असायचे, दुकान टाकलं तशे खिशातले पैसे कोठी गेले समजलंच नाई. तुमचाच हिशोब तुमाले करून दाखवतो, एकाच पोरीचा धरा.

नवीन पोरगी दिवसाले १२ शीट काढन, २० नाई. महिन्याचे २६ दिवस, अन् लग्नाचा सीझन किती, सहा महिने. आषाढीपासून तुळशीच्या लग्नालोक मुहूर्तच नाई, मधात धनुर्मास वेगळा. म्हणजे १,८७२ शीट, गुणिले ७० तर १,३१,०४० रुपये. पोरीचा पगार बारा महिन्याचा ९६,००० कारण सहा महिने घरी बस म्हणलं तर ते परत येत नाई. राह्यले ३५,०४०. गाळ्याचं भाडं वर्षाचं ४२,०००. झाले ना सात हजार घरातून! अजून लाइट बिल धरलं नाई, दुसरा कॉम्प्युटर धरला नाई, तिचं काम तपासण्यात तुमचे दोन घंटे जातीन अन् तेवढ्यात तुमचे स्वतःचे पाच शीट कमी होतीन थे बी धरलं नाई. दुसरी पोरगी घेतली तर भाडं निघन कदाचित, पण मंग तपासायले रोजचे चार घंटे.

७० रुपये हा एका माणसाचा रेट हाय ताई. त्याच्यात दुसऱ्याचा पगार बसतच नाई, कारण थो ठरवला तवा तुमी फक्त सोताची मेहनत धरली होती, घराचं भाडं नाई, नवऱ्याच्या लाइट बिलात लाइट. आधी रेट वाढवा, मंग गाळ्याकडं पाहा.

अन् एक. माह्याकडं कामाले ठेवलेल्या पोरानं माह्याच दुकानात कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर) शिकून समोरच दुकान टाकलं. आता आमी सोबत चहा पेतो, थे वेगळं.

खातेवही_वर्धा

मी एका सीएच्या ऑफिसात बसतो, कागदाचं तेवढं सांगतो, बाकी धंद्याचं वरचे दादा बोललेच आहेत.

घाबरू नका, कागद फार नाहीत. एकटीच्या नावाने धंदा म्हणजे प्रोप्रायटरशिप, त्याला वेगळी कंपनी काढावी लागत नाही, तुमचं पॅनच चालते. उद्यम रजिस्ट्रेशन म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, ती आधारवर ऑनलाइन होते अन् फुकट आहे, कोणी दोन हजार मागितले तर देऊ नका. दोन-तीन कामगार असले तर शॉप अ‍ॅक्टची नुसती ऑनलाइन इंटिमेशन द्यायची असते, आपल्याकडे त्यालाच लोक गुमास्ता म्हणतात. सेवेच्या कामाला वर्षाची उलाढाल २० लाखाच्या आत असेल तोवर जीएसटी लागत नाही, तुमच्या आकड्यांवरून तुम्ही त्याच्या जवळपासही नाही, उगाच कोणाच्या सांगण्यावरून नंबर काढून बसू नका कारण मग रिटर्न भरत राहावे लागतात. एक मात्र आजच करा, धंद्याचं करंट अकाउंट वेगळं काढा. कापसाचे पैसे, बचत गटाचा हप्ता अन् फोटोग्राफरचे पैसे एकाच पासबुकात असले की आपण कमावतो की गमावतो हे देवालाही सांगता येत नाही.

उधारीचं म्हणाल तर २००६ च्या एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे, उद्यमवाल्या लहान धंद्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसात अन् करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसात द्यायचे, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तक्रार ऑनलाइन होते. उद्यम आधी करून ठेवा, काम झाल्यावर मागून काढलं तर वाद होतात. आता दिग्रसच्या फोटोग्राफरला तुम्ही हा कायदा दाखवाल तर तो दुसरा डिझायनर शोधेल हे मलाही कळते, पण पुढे बियाण्याच्या किंवा खताच्या कंपनीचं काम मिळालं तर तिथे हा कागद बोलतो.

कर्जाबद्दल विचारलं नाही तुम्ही पण येणारच तो प्रश्न. मुद्रा या सरकारी कर्ज योजनेत शिशू गट ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तारण लागत नाही. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेत गावाकडच्या महिलेला ३५ टक्के सबसिडी आहे पण ती नवीन युनिटलाच, चालू धंद्याला नाही, अन् सबसिडीचे पैसे तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून पडून असतात, हातात येत नाहीत. हे लोकांना नंतर कळते अन् मग भांडतात.

अंबिया_बहार

वरच्या दादांचा हिशोब बरोबर आहे पण पूर्ण पटला नाही, म्हणून लिहिते. मी वरूडकडची, लेबल अन् पॅकिंगचं डिझाइन करते, आधी एकटी होते, आता आम्ही तिघी आहोत.

मी सपरीत कॉम्प्युटर ठेवून काम करायची तेव्हा दिवसातून दहा वेळा कोणीतरी येऊन म्हणायचं, रिकामीच आहेस तर जरा एवढं कर. पाहुणे आले की चहा माझ्याकडे, दळण माझ्याकडे, अन् कस्टमरला मी म्हणजे घरी बसून टाइमपास करणारी वहिनी. हे बाहेरच्या माणसाला नाही समजत. म्हणून मी जागा घेतली, पण बसस्टँडवर नाही, तुमच्या कस्टमरची डिस्क काळीपिवळीने येते, त्यांना गाळा कशाला पाहिजे? गावातच एक खोली घेतली, दार वेगळं, बाहेर छोटा बोर्ड. त्या दिवसापासून सासूबाईपण म्हणायला लागल्या, "ते ऑफिसात गेली हाय."

दुसरं म्हणजे ते सहा रिकामे महिने. अल्बम नसतात तेव्हा दुसरं काम शोधा ना. माझं उलटं आहे, अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे निघते तेव्हा पेटीवरच्या छपाईचं काम येते, मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये, मधले दिवस बचत गटांचं काम करते, पापड, हळद, मिरची, लोणचं. तुमच्याकडे उमेदचे, म्हणजे सरकारी अभियानातले बचत गट आहेतच. त्यांना लेबल लागते अन् लेबलवर काय काय पाहिजे हे कोणालाच माहीत नसते, एफएसएसएआयचा म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारीख, घटक, हिरवा ठिपका. एकदा एका गटाने पाच हजार पाकिटं छापून आणली अन् निव्वळ वजनच विसरले, मग सगळ्या बाया मिळून रात्रभर स्टिकर चिकटवत बसल्या. जो डिझायनर हे आधी सांगतो त्याला ते सोडत नाहीत.

चुकीबद्दल, पोरीच्या पगारातून कापू नका कधीच. एकदा कापले की ती चूक लपवायला शिकते. आमच्याकडे मॅसेज ठरलेला आहे, प्रूफसोबत जातो: नावं, तारीख अन् चेहरे तपासा, ओके म्हटल्यावर छापून आलेल्या चुकीची जबाबदारी आमची नाही, दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्या वेळेपासून पैसे. प्रेसवाले प्रूफवर सही घेतात तेच आहे हे. अन् तुमच्या नाकाच्या घडीसाठी टेम्प्लेटमध्येच मधोमध लाल गाइडची पट्टी टाकून लॉक करा, दोन्ही बाजूला बोटभर जागा सोडून. लाल पट्ट्यात चेहरा नाही, एवढाच नियम, पोरींना समजते.

दर्यापूरचा_फ्लेक्सवाला

ताई तुमची लाल पट्टी आवडली बाप्पा. खोलीचं बी पटलं. पण पोरगी एकच घ्या आधी, दोन नाई. अन् पगार महिन्याचा द्या, शीटवर नाई, शीटवर दिला का घाईघाईत चेहरे कापते.

रात्रपाळी_डिझायनर

सगळ्यांचे खूप आभार, खरंच इतकं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. दादांचा हिशोब ह्यांना वाचून दाखवला, ते पहिल्यांदा कॉम्प्युटरपाशी घटकाभर वेळ बसले. दोन पोरींमधून एकीला कसं निवडायचं हा वेगळाच त्रास आहे, दोघी चुलत बहिणी आहेत.

जुनी धान्याची खोली आहे आमची, दार अंगणातून वेगळं आहे, ती रिकामी करून घेते. गाळ्याचं पुढच्या दिवाळीनंतर. उद्यम काल रात्री केलं, दहा-पंधरा मिनिटं लागली, अन् मी पाच वर्षं ते मोठं काम समजून बसले होते.

रेट ८५ केला अन् सहाही जणांना मॅसेज टाकला, सोबत प्रूफचा नियम. दोघं हो म्हणाले. एकाने ८० म्हटलं. दोघांनी अजून वाचलं नाही. पुसदवाल्याने निळी टिक आली तरी काहीच उत्तर दिलं नाही, अन् आज दुपारी काळीपिवळीवाला त्याची हार्ड डिस्क देऊन गेला, आत ४,३०० फोटो, चिठ्ठीवर फक्त "अर्जंट". रेटबद्दल एक शब्द नाही. हे हो समजू का नाही समजू?

दर्यापूरचा_फ्लेक्सवाला

डिस्क तुमच्याजवळ हाय ना? मंग हो समजा. पण शीट लावाच्या आधी एकदा फोन करून रेट वदवून घ्या, अन् अर्धे अ‍ॅडव्हान्स.